न चाखलेलं दूध

खूप खूप मागची गोष्ट. त्या काळी डोंगराला मालक नव्हता आणि गवताला राखण नव्हती. मुलांनो, ऐका. आणि मुलांना मांडीवर घेऊन बसलेल्या आयांनो, तुम्ही तर नीटच ऐका, कारण ही गोष्ट एका आईची आहे.

डोंगराच्या पायथ्याला गवळ्यांचं एक गाव होतं. नदीपलीकडे राजाचं शहर. गावात माणसांपेक्षा जनावरं जास्त. पहाटे धारा काढायच्या, मडकी डोक्यावर घ्यायची, नदीच्या उतारातून पलीकडे जायचं आणि शहर जागं व्हायच्या आत दारोदार दूध घालून यायचं. उरलेल्याचं दही, दह्याचं लोणी, लोण्याचं तूप. कुंभार मडकी घडवायचा, बुरूड झाकायला टोपल्या विणायचा. ज्याला जे जमेल ते त्यानं करावं आणि ज्याला जे हवं ते त्यानं घ्यावं. कुणाचं दूध पातळ निघालं, तर शहरातली बाई दुसऱ्या दिवशी त्याच्या तोंडावर दार लावायची. शिक्षा एवढीच होती, आणि बहुतेकांना ती पुरत होती.

गावात एक रीत होती. घरात तान्हं मूल असलं आणि आईला दूध पुरेनासं झालं, की पहाटे उंबऱ्यावर एक वाटी ठेवायची. जाणारी-येणारी बाई काही न विचारता त्या वाटीत दूध ओतून पुढं जायची. तिला कुणी हाक मारून आभार मानायचं नाही. आज हिची वाटी उंबऱ्यावर आहे, उद्या तिची असेल, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

याच गावात गोजरा नावाची एक सून होती. मोठी घाबरट. रस्त्यावर कुत्रं भुंकलं की ही आत, आणि शेजारचं मूल शिंकलं तरी ही ओवा भाजायला धावायची. सासू म्हणायची, "गोजरे, तुझं काळीज आहे की चिमणी गं? सारखी आपली फडफड."

गोजराची बहीण शहरात दिलेली होती. त्या शहरात हरकशेट नावाचा एक व्यापारी आला. गावोगावचं दूध एकत्र करायचा, त्यात नदीचं पाणी ओतायचा, पांढरं दिसावं म्हणून खडूची पूड कालवायचा आणि स्वस्तात विकायचा. गरिबांच्या बायांनी घेतलं. पोरं आजारी पडली. काही उठली, काही उठली नाहीत. गोजराची भाची उठली नाही.

गोजरा बहिणीकडं गेली तेव्हा पाळण्याची दोरी अजून तशीच लोंबत होती. त्या दिवशी त्या घाबरट बाईनं पदर खोचला, गल्लीतल्या आयांना गोळा केलं आणि थेट राजाच्या दारात जाऊन उभी राहिली.

"महाराज," ती म्हणाली, "आमच्या लेकरांच्या तोंडात काय जातंय, हे बघणारं तुमच्या राज्यात कुणीच नाही का?"

राजा मनानं चांगला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं तिथल्या तिथं हुकूम सोडला, "आजपासून माझ्या राज्यात न चाखलेलं दूध कुणी विकायचं नाही." आणि दूध चाखायला त्यानं एक अधिकारी नेमला. त्याला लोक चाखणीस म्हणू लागले.

चाखणीस गावात आला तेव्हा किडकिडीत होता. पांढरे कपडे, कमरेला खोचलेला चांदीचा चमचा, आणि बोलणं असं गोड की म्हशीनंही मान डोलवावी. गोजरानं स्वतः त्याला ओवाळलं. घरोघरच्या बाया मान म्हणून रोज एकेक वाटी दूध आणून त्याच्यापुढं ठेवू लागल्या. बुरडानं त्याला बसायला मांडव घालून दिला. उन्हात कशाला बसायचं बिचाऱ्यानं, म्हणून त्याच्यावर झावळ्या घातल्या.

पाहुण्याचा मान राखायला त्या गावाला कुणी शिकवायची गरज नव्हती. आणि तिथंच ते गाव फसलं. पाहुणा परत जातो, म्हणून तो पाहुणा असतो. हा जायला आलेला नव्हता, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

सुरुवातीला त्यानं काम चोख केलं, ते नाकारून चालणार नाही. हरकशेटच्या दुधात चमचा घातला, जिभेला लावला आणि त्याला भर बाजारात उभं केलं. राजानं हरकशेटला वेशीबाहेर घालवलं. खडूचं दूध बंद झालं. शहरातल्या आयांना झोप लागू लागली. गोजरालाही लागली.

झालं, काम संपलं. चमचा धुऊन घरी जायची वेळ आली.

पण ज्याला आयतं मिळतं, त्याला घर कुठलं आठवायला? चाखणिसाच्या मनात आलं, रोज सगळं दूध चांगलंच निघालं, तर राजा एक दिवस विचारणार, बाबा रे, तुला ठेवलाय कशाला? तेव्हापासून त्याला चांगल्या दुधाची भीती वाटू लागली.

एके दिवशी बयाआत्याची वाटी आली नाही. बयाआत्या म्हणजे गोजराची शेजारीण, एकटी म्हातारी. एक गाय आणि ती, एवढाच तिचा संसार.

"आत्याबाई, आज आमची वाटी दिसत नाही," चाखणीस म्हणाला.

"गायीनं लाथ मारली बाबा, सगळं सांडलं. थोडं उरलं ते शहरात घालायला आणलंय."

"हो का? मग तुमचं दूध उद्या चाखू."

दूध उद्यापर्यंत थांबतं का कधी? बयाआत्या समजायचं ते समजली. सगळं गावच समजलं. काल जो मान होता, तो आज हक्क झाला. गावानं प्रेमानं दिलेली वाटी आता घाबरून द्यायची झाली, आणि दूध मात्र तेच.

पुढं चाखणिसाला एकट्याला काम झेपेना. त्यानं मेव्हण्याचा भाऊ आणला, तो दूध हुंगायला. आतेभाऊ आणला, तो ढवळायला. आणखी एक जण होता, तो नुसता बघायचा. प्रत्येकाची एकेक वाटी. चाखून, हुंगून, ढवळून, बघून होईपर्यंत मडकं निम्मं व्हायचं.

मग नियम निघाला, की मातीची मडकी चालायची नाहीत. माती दूध पिते, म्हणे. दूध तांब्याच्या घागरीतच आणायचं. आणि घागरी कुठं मिळणार? तर चाखणिसाच्या मेव्हण्याकडं.

बयाआत्या म्हणाली, "अहो दादा, तांब्यात दूध कळकतं. आमच्या आजीच्या आजीलाही हे ठाऊक होतं."

"राजाच्या नियमातलं तांबं आहे, आत्याबाई. ते कळकत नाही."

"दुधाला वाचता येतं वाटतं," गोजराची सासू मागून पुटपुटली.

बाया हसल्या, पण पदराआड. कुंभारानं महिनाभर वाट पाहिली, मग चाक गाडीत घातलं आणि बायकापोरांसह दुसरं राज्य धरलं. त्याच्यामागून बुरूडही गेला, कारण तांब्याच्या घागरीला झाकण तांब्याचंच लागत होतं. दोन घरं बंद झाली. राजवाड्यात मात्र चाखणिसानं कळवलं, की गावची स्वच्छता वाढली.

सगळ्यात वाईट काय झालं, ते आता सांगते. चाखणीस जाडा झाला. जाडा माणूस उशिरा उठतो. त्याची आंघोळ व्हायची, पूजा व्हायची, न्याहारी व्हायची, मग तो मांडवात यायचा. पहाटे काढलेलं दूध तोवर उन्हात, तेही तांब्यात. हा चमचा बुडवायचा, तोंड वाकडं करायचा आणि म्हणायचा, "नासलंय, ओता." ओतायचं तर ओतायचंच, वर दंडही भरायचा, नासकं दूध आणलं म्हणून. अहो, नासवलं कोणी? विचारायची सोय नव्हती. विचारणाऱ्याची घागर दुसऱ्या दिवशी रांगेत सगळ्यात शेवटी जायची.

लोकांनी म्हशी विकायला काढल्या. गोजराचा नवरा लिंबाजी यानंही आपली म्हैस विकली आणि शहरात ओझी उचलायला गेला. जाताना म्हणाला, "दूध विकायला परवानगी लागते, पाठ विकायला लागत नाही. मग पाठच विकतो." शहरात दूध इतकं महाग झालं, की गरिबांची पोरं तांदळाच्या पेजेवर आली. आणि कुणीतरी मागच्या दारानं हरकशेटला परत आणलं.

हो, तोच हरकशेट. आता त्याच्याकडं तांब्याच्या घागरींची रांग होती, त्यांच्यावर ओल्या वाळ्याचे पडदे होते, उन्हात थांबायला माणसं होती. चाखणिसाच्या, हुंगणाऱ्याच्या, ढवळणाऱ्याच्या आणि बघणाऱ्याच्या वाट्या तो सूर्य उगवायच्या आत भरायचा. त्याच्या घागरीत चमचा नावापुरता बुडायचा आणि लगेच चाखल्याचा लाल ठसा बसायचा. ठशाखाली निम्मं पाणी. ज्याच्या पापासाठी नियम आला, तोच आता नियमाच्या सावलीत बसून पंखा घेत होता. आणि ज्यांनी कधी थेंबभर पाणी घातलं नाही, ते उन्हात उभे होते.

अशा दिवसांत गोजराला मुलगी झाली.

पोर चांगली होती, हातपाय झाडायची. पण महिना झाला नाही तोच गोजराला ताप भरला आणि अंगावरचं दूध आटलं. सासूनं साखरपाण्याचं बोट चाटवलं. पोर ते चोखायची, फसवलं गेल्यासारखी थांबायची आणि पुन्हा रडायची.

सासूनं जुन्या रीतीप्रमाणं उंबऱ्यावर वाटी ठेवली. गोजरा आत पडून पावलं ऐकत राहिली. पावलं यायची, उंबऱ्यापाशी हळू व्हायची आणि मग भरभर निघून जायची. ऊन वाटीत आलं, तरी वाटी कोरडीच.

तेव्हा गोजरा उठली. पोरीला उराशी घेतलं. भिंत धरत ती बयाआत्याच्या गोठ्यात गेली.

"आत्या, एक वाटी दूध दे."

बयाआत्यानं तिच्याकडं बघितलंच नाही. गायीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "गोजरे, माझं काळीज तुटतंय गं. सकाळी तुझ्या दारावरून मी डोळे मिटून गेले. त्या पलीकडच्या ठमानं परवा एका वाटीत दूध घातलं, तर तिची बकरी नेली मांडवात बांधून. फुकट दिलेलंही न चाखलेलंच असतं, म्हणे. माझी गाय नेली तर मी खाऊ काय?"

"कुणाला कळतंय आत्या?"

"त्या हुंगणाऱ्याला. दूध राहिलं नाही गावात, मग तो दारं हुंगत फिरतो. बघ, भिंतीआड सावली दिसतीय त्याची."

पोर रडली. पहिल्यासारखी नाही, बारीक. म्हातारीनं ओठ चावला, वाटी घेतली आणि धार काढली. "घे. मांडवात नेऊन दाखव, ठसा घे आणि मग पाज. लेकरासाठी आहे म्हटल्यावर अडवणार नाहीत. तीही माणसंच आहेत की."

गोजरानं तिथंच पाजलं असतं. पण म्हातारीची गाय गेली असती, आणि तिचं अन्न तिनं कसं तोडावं? शिवाय ती नियम मोडणारी बाई नव्हतीच कधी. नियम मागणारी होती.

ती पोर आणि वाटी घेऊन मांडवात गेली. सासू मागं होतीच.

"वाटी मातीची आहे," ढवळणारा म्हणाला. "तांब्याची आण."

सासू धावत जाऊन कुणाचा तरी तांब्या घेऊन आली. दूध तांब्यात ओतलं.

"दूध कुणाच्या गायीचं?" बघणाऱ्यानं विचारलं.

"बयाआत्याच्या."

"मग बयाआत्या कुठंय? ज्याची गाय त्यानं उभं राहायचं."

बयाआत्याला आणलं. ती पदर सावरत उभी राहिली.

"आता थांबा. चाखणीस यायचेत."

"दादा, पोर कालपासून उपाशी आहे," गोजरा म्हणाली. "तुम्हीच बघा ना जरा. तुम्ही बघणारे आहात."

"मी दूध बघतो, बाई. पोरं बघणं माझ्याकडं नाही."

ऊन चढत गेलं. हरकशेटच्या घागरी आल्या, ठसा घेऊन निघूनही गेल्या. गोजरा पदराची सावली कधी पोरीवर धरी, कधी तांब्यावर. दोन्हीला पुरेल एवढा पदर नव्हता. शेवटी तिनं तांब्या उन्हात सोडला आणि पोरीला झाकलं. पोरीचं रडणं थांबलं होतं. रडणं थांबलं की आईला बरं वाटतं ना? त्या दिवशी गोजरा पोरीच्या नाकापाशी बोट धरून बसली.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा चाखणीस आला, ढेकर देत. चमचा बुडवला, जिभेला लावला आणि थुंकला.

"नासलंय."

"सकाळी ताजं होतं," गोजरा म्हणाली.

"सकाळी मी नव्हतो. ओता रे ते."

ढवळणाऱ्यानं तांब्या उपडा केला. दूध मातीत गेलं. क्षणभर पांढरा डाग दिसला, मग तोही नाही.

चाखणीस गोजराकडं बघून हसला. "तुला कुठंतरी पाहिलंय मी."

"मीच ओवाळलं होतं तुम्हाला."

"हां, तरीच. मग तू तरी रागावू नकोस, बाई. हे सगळं लेकरांच्या भल्यासाठीच चाललंय. तूच मागितलं होतंस ना?"

मुलांनो, राग दोन तऱ्हेचा असतो. एक ओरडतो. दुसरा अंगात शिरला, की माणूस गप्प होतो आणि त्याला एकदम स्वच्छ दिसू लागतं. गोजराला तसं दिसलं. तिला मांडवामागं ठमाची बकरी दिसली. जप्त केलेली, खुंट्याला बांधलेली. सड तट्ट फुगलेले. नियमाप्रमाणं तिची धार कुणी काढायची हे ठरलं नव्हतं, म्हणून दोन दिवस कुणी काढलीच नव्हती. बकरी कळवळून ओरडत होती.

गोजरा सरळ मांडवातून चालत गेली. ती कुठं निघाली हे कुणाला कळायच्या आत ती बकरीखाली बसली. पदरानं सड पुसला, पोरीला आडवी धरली आणि सड तिच्या तोंडात दिला.

बकरीनं एकदा मान वळवून बघितलं आणि पाय रोवून उभी राहिली. पोरीचे ओठ हलले, थांबले. पुन्हा हलले. मग घोट गिळल्याचा आवाज आला. तो आवाज मांडवात सगळ्यांनी ऐकला.

हुंगणारा आधी भानावर आला. "सरकार, न चाखलेलं दूध."

"मग ये ना," गोजरा म्हणाली. मान वर न करता, साध्या आवाजात. "चाख. दुसरा सड मोकळा आहे. वाक खाली आणि लाव तोंड."

रांगेतून कुणीतरी फस्सकन हसलं. मग दुसरं कुणी. दोन वर्षं पदराआड दाबलेलं हसू होतं ते, एकदा फुटल्यावर आवरेना.

सासू म्हणाली, "चाखणिसांना चमचा लागतो गं, ते नुसत्या तोंडानं कसं चाखतील? आणि ढवळणाऱ्यालाही बोलवा, बकरीला जरा ढवळू दे."

चाखणीस लालबुंद झाला. "हे नियमात बसत नाही."

"माझी पोरही तुमच्या नियमात बसत नाही," गोजरा म्हणाली. "ती मेली असती तर बसली असती. मग तुम्ही वर कळवलं असतं, एक मूल कमी झालं, दुधाची मागणी घटली. सांगा ना, कशावर मारता आता ठसा? मडकं नाही, घागर नाही. मी विकत घेतलं नाही, कुणी मला दिलं नाही. बकरीवर मारता की पोरीच्या कपाळावर?"

"धरा तिला," चाखणीस ओरडला.

कोण धरणार? मांडवावरच्या पहारेकऱ्यांच्या घरी पोरं होती आणि तीही पेजेवर होती. एक पहारेकरी खाली वाकला खरा, पण त्यानं बकरीची दोरी सोडली आणि गर्दीतल्या ठमाच्या हातात दिली.

त्या संध्याकाळी गाव बयाआत्याच्या अंगणात जमलं. पोर झोपली होती, पोट वर-खाली होत होतं. आत्या तिच्याकडं बघत म्हणाली, "पोर बकरीकडं गेली, तर मधे कुणाला हात घालता आला नाही. मग आपणही दूध नेऊच नये. जनावरंच नेऊ."

दुसऱ्या दिवशी पहाटे उरलंसुरलं सगळं गोधन नदीच्या उतारात उतरलं. म्हशी, गायी, बकऱ्या, मागं वासरं. शहराच्या गल्लीगल्लीत दारापुढं जनावर उभं राहिलं. घरातली बाई आपलं भांडं घेऊन बाहेर आली, आपल्या हातानं पालथं करून झटकलं, आणि तिच्या डोळ्यांदेखत त्यात धार पडली. त्यात पाणी कधी घालणार आणि खडू कुठून येणार? जिचं मूल पिणार होतं, तीच बघत होती. तिच्याएवढं बारीक कोण बघणार?

चाखणीस रिकाम्या मांडवात बसून राहिला. मग धावत राजाकडं गेला. "महाराज, बंड झालंय. म्हशी रस्त्यावर आल्यात."

राजा बाहेर आला. वाड्यापुढं म्हशी रवंथ करत उभ्या होत्या आणि पायऱ्यांवर शेण पडलं होतं. गर्दीत पुढं पोरीला घेऊन गोजरा.

"हे काय चाललंय?" राजानं विचारलं.

"दूध विकतोय, महाराज. पूर्वी विकायचो तसं."

"पण मी चाखणीस नेमला होता. तूच मागायला आली होतीस."

"मी नजर मागितली होती, महाराज. तुम्ही तोंड पाठवलंत. आणि तोंडाच्या खाली पोट असतं, हे तुम्ही ध्यानातच घेतलं नाही." तिचा आवाज चढत गेला. "दोन वर्षांत त्या पोटानं कुंभार खाल्ला, बुरूड खाल्ला, आमच्या म्हशी खाल्ल्या. काल माझी पोर खायला बसलं होतं."

राजाचा चेहरा उतरला. "मला हे कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलंत कुणाला? चाखणिसालाच ना?"

राजानं हरकशेटची ठसा मारलेली घागर मागवली, ओंजळीत दूध घेतलं आणि प्यायला. पहिलाच घोट त्यानं थुंकला. पाणचट तर होतंच, वर कळकलेलंही होतं. त्याच्या वाड्यात घरचीच गाय असल्यामुळं राज्यातलं दूध आज तो पहिल्यांदाच पीत होता.

त्याच दिवशी मांडव मोडला. हरकशेट गेला, चाखणीसही गेला आणि त्याची भावकीही. राजानं एकच कायदा ठेवला. जो खाण्यापिण्यात विष कालवील, त्याला पकडून त्याच दिवशी न्याय करायचा, मग तो कितीही मोठा असो. बाकी कुणालाही आपल्या कष्टाचं विकण्याआधी कुणापुढं हात जोडून उभं राहायचं कारण नाही.

दरबारातला एक जण पुढं सरून म्हणाला, "महाराज, दारापुढच्या धारांवर देखरेखीला निदान एक माणूस..."

गोजरा नुसती मागं वळली. तो माणूस परत आपल्या जागी जाऊन बसला.

पोर जगली. अशक्त राहिली, चालायला उशिरा लागली, पण जगली. लिंबाजी शहरातून परत आला आणि त्यानं एक रेडकू घेतलं. गाव हळूहळू सावरलं. पण कुंभार आला नाही. तो दुसऱ्या राज्यात चांगला रमला होता. शहरात पेजेवर राहून जी पोरं दगावली, तीही आली नाहीत. राजाला पश्चात्ताप झाला म्हणून गेलेलं लेकरू परत येत नाही.

गोजरा घाबरट होती ती होतीच. मूल शिंकलं की अजून ती ओवा भाजायला धावायची. पण दरबारात नवा नियम निघाला, की ती पदर खोचून जायची आणि दोन गोष्टी विचारायची: हा नियम कधी संपणार, आणि तो राखणारा बिघडला तर त्याला काढणार कोण? उत्तर मिळेपर्यंत ती तिथून हलायची नाही. म्हाताऱ्या प्रधानाला तिचा फार राग यायचा. राज्य मात्र दुधातुपात राहिलं.

म्हणून लक्षात ठेवा: ज्या राज्यात चांगल्या माणसाला रोज सकाळी आपला चांगुलपणा अधिकाऱ्यापुढं सिद्ध करावा लागतो, तिथं लबाडाची भरभराट होते आणि लेकरं उपाशी राहतात.